मोबाइलवरचा लुडो आणि घरातले ‘कच्चं लिंबू’ : एका खेळाची समीक्षा

प्रस्तावना

कविता, कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांची समीक्षा आपण करतो. घरात रोज खेळल्या जाणाऱ्या खेळाची मात्र सहसा करत नाही. या पाठात आपण लुडो हा पटावरचा खेळ आणि त्याचे मोबाइलवरील रूप यांची तुलना करणार आहोत. खेळ चांगला की वाईट, हा प्रश्न बाजूला ठेवा. आपला प्रश्न असा आहे : कुटुंबाने एकत्र बसून खेळायचा खेळ यंत्रात गेला, की कुटुंबाच्या हातातून नेमके काय जाते आणि हातात काय येते?

१. पट कुठून आला?

लुडोचे मूळ पचिसीत आहे. पचिसीचा पट कापडाचा आणि अधिक चिन्हाच्या आकाराचा असतो. दान कवड्यांनी टाकतात. सहा कवड्यांच्या खेळात सगळ्या पालथ्या पडल्या की पंचवीसचे दान, आणि त्यावरूनच खेळाचे नाव पडले. फतेहपूर सिक्रीच्या राजवाड्यात अंगणातच पचिसीचा पट आखलेला आहे. अकबर तेथे माणसांनाच सोंगट्या करून खेळत असे, असे सांगितले जाते. सारीपाट, चौसर, कन्नडमधील पगडे, तमिळमधील दायम ही सारी याच घराण्यातली नावे. तुमच्या घरी या खेळाला काय म्हणतात, ते आजी-आजोबांना जरूर विचारा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये या खेळाचे सोपे रूप ‘लुडो’ या नावाने बाजारात आले आणि पुढे पुठ्ठ्याच्या पटावर आपल्याकडे परतले. ‘लुडो’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ ‘मी खेळतो’. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने ‘लुडो किंग’ हे ॲप आणले आणि २०२० च्या टाळेबंदीत ते घराघरांत पोचले. म्हणजे मोबाइलवरचा लुडो हे मूळ खेळाचे पहिले रूपांतर नव्हे. त्याआधी एक होऊन गेले आहे, आणि आपली समीक्षा तिथूनच सुरू व्हायला हवी.

२. ‘आम्ही खेळतो’ ते ‘मी खेळतो’

पचिसी बहुधा चौघे खेळतात, पण दोन जोड्यांत. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात. एकट्याच्या सोंगट्या घरात गेल्या म्हणून डाव जिंकला असे होत नाही. भिडूच्याही जाव्या लागतात. त्यामुळे आपली सोंगटी पुढे न्यायची की भिडूची वाट मोकळी करायची, असा पेच सतत पडतो. पडलेले दान न खेळण्याची मुभाही अनेक ठिकाणी असते.

लुडोने जोड्या काढून टाकल्या आणि प्रत्येकाला स्वतःपुरते खेळायला लावले. लॅटिन नावाचा अर्थ इथे अगदी अचूक बसतो. हा बदल यंत्राने केलेला नाही, हे लक्षात ठेवा. ‘जुने ते सारे सोने आणि मोबाइलने सारे बिघडवले’ असे सरसकट विधान समीक्षेत टिकत नाही, ते याचसाठी.

३. पंच कोण?

योहान हाउझिंगा या डच विचारवंताने १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाला रोजच्या जगण्यापासून वेगळे काढलेले एक रिंगण मानले. त्याचे एक निरीक्षण आपल्या उपयोगाचे आहे : लबाडी करणारा खेळाडू निदान नियम मानण्याचे सोंग तरी करतो, म्हणून रिंगण टिकते; खेळ उधळणारा मात्र रिंगणच मोडतो.

आता पुठ्ठ्याचा लुडो आठवा. सोंगटी खुली व्हायला सहाच हवेत की एकही चालेल? फासा सतरंजीखाली गेला तर दान धरायचे का? यावर भांडण होते, कोणीतरी ‘रडीचा डाव खडी’ म्हणते आणि शेवटी घरातले मोठे माणूस निकाल देते. हे भांडण खेळाबाहेरचे नाही, ते खेळाचाच भाग आहे. नियम माणसांनी ठरवलेले असतात आणि माणसांनी एकत्र बसून ते बदलता येतात, हे मूल तिथे शिकते.

ॲपमध्ये नियम आधीच लिहिलेले असतात. काही पर्याय निवडता येतात, पण ते बनवणाऱ्याने ठेवलेल्या पर्यायांपैकीच. लबाडी करता येत नाही हे खरे, पण वादही घालता येत नाही आणि सूटही देता येत नाही.

सूट म्हणजे काय, ते पाहू. मराठी मुलांच्या खेळात लहान भावंडाला ‘कच्चं लिंबू’ करतात. ते सगळ्यांबरोबर खेळते, पण बाद होत नाही. बंगालीत अशा मुलाला ‘दुधभात’ म्हणतात, तर तेलुगूत ‘आटलो अरटिपंडु’, म्हणजे खेळातले केळे. एवढ्या भाषांना यासाठी वेगळा शब्द लागावा, यावरून ही सोय किती गरजेची आहे ते कळते. कोणत्याही छापील नियमपत्रिकेत ती नसते. ती फक्त माणसांच्या पंचाला देता येते.

माझ्या घरातला एक प्रसंग सांगतो. आई गावी असते आणि माझा पाच वर्षांचा मुलगा परगावी माझ्याजवळ. दोघे एका ॲपवर लुडो खेळत होते. मुलाची शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी होती आणि आईची बरोबर चार घरे मागे. आईला चार पडले. तिची दुसरी कोणतीच सोंगटी हलण्यासारखी नव्हती, म्हणून यंत्राने ती एकच चाल आपणहून केली. मुलगा रडू लागला. आई फोनवर पुनःपुन्हा सांगत होती, ‘‘अरे बाळा, मी नाही मारली रे!’’ पुढच्या डावात तिने युक्ती केली. तिची पाळी आली की ती पडद्याला हातच लावेना. वेळ संपून पाळी पुढे जाई. असे काही वेळा झाल्यावर यंत्राने तिलाच डावाबाहेर काढले.

पुठ्ठ्यावर हीच आजी ‘‘फासा नीट पडला नाही, परत टाकते’’ म्हणाली असती आणि ते खोटे सगळ्यांनी आनंदाने मानले असते. हाउझिंगाच्या भाषेत ती लबाडी ठरते, पण तिनेच रिंगण टिकवले असते.

४. दुसरी बाजू

तरीही याच प्रसंगाकडे पुन्हा पाहा. ॲप नसते तर त्या दिवशी आजी आणि नातू खेळलेच नसते. पुठ्ठ्याचा पट शेकडो किलोमीटर लांब होत नाही. डोळे अधू असलेल्या माणसाला घरे मोजावी लागत नाहीत, सोंगट्या हरवत नाहीत. हे लाभ मोठे आहेत, आणि ते नाकारणारी समीक्षा अप्रामाणिक ठरेल.

‘ॲपचा फासा मुद्दाम छळतो’ ही तक्रारही तपासून पाहू. नीट फाशावर सलग दहा वेळा सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. चौघे खेळत असतील, तर त्यांतल्या निदान एकाला पहिल्या दहा दानांत सहा न मिळण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. म्हणजे दर दोन डावांत कोणीतरी रखडणारच, मग फासा लाकडाचा असो वा यंत्रातला. प्रामाणिक फासाही असाच वागतो, एवढेच या गणिताने कळते. एखाद्या विशिष्ट ॲपचा फासा प्रामाणिक आहे, हे त्याने सिद्ध होत नाही. पुठ्ठ्यावर आपण खेळणाऱ्याचा हात पाहतो आणि ‘‘तुझाच हात वाईट’’ म्हणून हसतो. पडद्यावर पाहायला हातच नसतो, म्हणून संशय उरतो.

५. निष्कर्ष

मोबाइलवरचा लुडो अंतर मिटवतो आणि नियम काटेकोर पाळतो. पण नियमांवरचा कुटुंबाचा अधिकार तो आपल्याकडे घेतो, आणि त्या अधिकारातच लहानग्याला सांभाळून घेण्याची सोय दडलेली असते. म्हणून एखाद्या खेळाची समीक्षा करताना तीन प्रश्न विचारा : नियम कोण ठरवते? ते कोणाला बदलता येतात? आणि दुबळ्या खेळाडूसाठी जागा कुठे आहे?

आमच्या घरापुरते उत्तर आईनेच शोधले. आता दोन्हीकडे पुठ्ठ्याचे पट मांडलेले असतात, मध्ये व्हिडिओ कॉल असतो आणि आजीचा फासा नातूच टाकतो. तो कधीकधी खोटे दान सांगतो. आजीला ते कळते.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातला एखादा न लिहिलेला नियम सांगा. तो कोणासाठी तयार झाला?
२. ‘कच्चं लिंबू’ या अर्थाचा शब्द तुमच्या भाषेत शोधा आणि तो कोणत्या खेळांत वापरतात ते लिहा.
३. पटावरचा दुसरा एखादा खेळ आणि त्याचे मोबाइलवरील रूप घेऊन निष्कर्षातील तीन प्रश्नांच्या आधारे ३०० शब्दांत समीक्षा लिहा.