पांढरीची माती आणि उघडे संग्रहालय

जुनी घरे मूळ जागेवरून उतरवून एका आवारात पुन्हा उभारावयाची आणि त्यांचेच संग्रहालय करावयाचे, ही कल्पना युरोपच्या उत्तरेकडील. आर्थर हेझेलियस या स्वीडिश गृहस्थाने 1891 साली स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ उघडले आणि तेथून ती जगभर पसरली. आपल्या देशात चेन्नईजवळचे ‘दक्षिणचित्र’ हे तिचे नामांकित उदाहरण होय. 1996 साली खुल्या झालेल्या या संस्थेत दाक्षिणात्य प्रांतांतील जुनी घरे खरोखरीच सुटी करून आणून जोडलेली आहेत. असे काही वऱ्हाडातही व्हावे, असे कोणासही सहज वाटेल. इच्छा स्तुत्य खरी. परंतु वऱ्हाडच्या घराला ती कितपत मानवते, हे पाहिल्यावाचून तिची भलामण करणे आम्हांस उचित वाटत नाही.

स्कान्सेनमधील शेतकऱ्याचे घर बहुधा ओंडक्यांचे. ओंडक्यांवर खुणा कराव्या, ते उतरवावे, गाडीत घालून न्यावे आणि पुन्हा रचावे. घराचे फारसे बिघडत नाही. वऱ्हाडी वाड्याची गोष्ट निराळी. त्याचा सांगाडा सागवानी असतो आणि चांगला सुतार तो सोडवूही शकेल. पण भिंती मातीच्या, आणि वरचे धाबेही मातीचेच. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी, हा भेद आपल्या कुणब्याच्या बोलण्यात मुरलेला आहे. घर त्या पांढरीतून उगवते आणि पडले की तिच्यातच मिसळते. अशी भिंत उचलता येत नाही. नव्या जागी नव्या मातीची नवीच भिंत घालावी लागते. गढीचे तर बोलावयासच नको! अमरावती-अकोल्याकडील कित्येक गावांत उंचवट्यावर ढासळत चाललेली गढी दिसते. तिचे स्थलांतर करावयाचे म्हणजे गावची टेकडीच हलवावी लागेल.

सारांश, लाकूड जाईल आणि माती राहील. हे काम बाजाराने आधीच हाती घेतले आहे. पडक्या वाड्यांचे कोरीव खांब आणि चौकटी शहरांतील बंगल्यांची व उपाहारगृहांची शोभा वाढवीत आहेत. संग्रहालयाने तेच नेले तर हेतू उदात्त म्हणू. गावाच्या पदरी मात्र दोन्ही वेळा ढिगाराच.

दगडी इमारतीस ही अडचण नाही, असे कोणी म्हणेल. कृष्णा-तुंगभद्रेच्या संगमावरील कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर श्रीशैलम धरणाच्या पाण्यामुळे 1980 च्या सुमारास आलमपूर येथे हलविण्यात आले. दगड पुन्हा बसले. नावातला संगम तेवढा मागे राहिला. तेथे दुसरा मार्ग बुडण्याचाच होता, म्हणून त्या कामास दोष देववत नाही. पण मन आणि म्हैस यांच्या संगमावरील बाळापूरच्या छत्रीवर असा प्रसंग नाही. तिला नदीकाठावरून वेगळी कल्पून पाहावी. चार खांबांचे कौतुक उरेल, इतकेच.

मेळघाटात तर उलटाच प्रकार घडला. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बोरी, कोहा आणि कुंड ही गावे व्याघ्रप्रकल्पातून उठवून अकोटच्या बाजूस वसविण्यात आली. येथे माणसे हलली, घरे नव्हे. कोरकूंच्या गावात घरांच्या दोन ओळी समोरासमोर असतात आणि मधला रुंद रस्ता हीच गावाची बैठक. त्यातील एखादे घर, कुडाच्या भिंतींसह, जपून आणता येईलही. समोरचे दार आणि मधला रस्ता कोणत्या दालनात मांडावा?

कोल्हापूरजवळ कणेरी येथे पुतळ्यांच्या साहाय्याने गावगाडा उभा केला आहे. मुलांस तो दाखवावा; जतनाशी त्याचा संबंध थोडा. भोपाळच्या मानव संग्रहालयाची रीत आम्हांस अधिक पटते. तेथे त्या त्या जमातीच्या लोकांस बोलावून त्यांच्याच हातून घरे बांधवून घेतात. घर जुने नसते, पण हात जाणते असतात, आणि दुरुस्तीसाठी त्याच हातांना पुन्हा बोलाविता येते.

तेव्हा वऱ्हाडात या कामी पैसा उभा राहिलाच, तर प्रथम आवार, कुंपण आणि तिकीटघर यांचा विचार करू नये. अचलपूर, बाळापूर येथील जे वाडे अद्याप उभे आहेत, त्यांच्या धाब्यांवर मृगापूर्वी माती चढवावी, पन्हाळी मोकळ्या कराव्या आणि हे दर साली करावे. यात उद्घाटनाचा समारंभ होत नाही, हीच या सूचनेतील मोठी अडचण आहे.