तडा आणि सोने : ई सू-क्युंग यांच्या पोर्सेलीन शिल्पांतील पुराकथा व पावित्र्य

प्रास्ताविक

कोरियन भाषेतील ‘गुम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : सोने आणि तडा. सोल येथील शिल्पकर्त्या ई सू-क्युंग (जन्म १९६३) यांची ‘अनुवादित पात्र’ ही शिल्पमालिका या श्लेषावर उभी आहे. कुंभारांनी फोडून टाकलेल्या पोर्सेलीनच्या ठिकऱ्या इपॉक्सीने जोडायच्या आणि सांध्यांवर २४ कॅरेट सोन्याचा वर्ख चढवायचा, अशी त्यांची पद्धती आहे. या शिल्पांचे वर्णन अनेकदा ‘किंत्सुगी’ या जपानी कलेच्या परिभाषेत केले जाते. ही परिभाषा अपुरी का ठरते आणि परंपरेतील पवित्र प्रतिमांचे या शिल्पांत नेमके काय होते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेची पार्श्वभूमी

गोर्यो राजवटीत (९१८–१३९२) बौद्ध धर्माला राजाश्रय होता आणि हिरवट झिलईचे सेलाडॉन हे त्या काळातील प्रतिष्ठित मृत्पात्र होते. जोसन राजवटीने (१३९२–१९१०) नवकन्फ्यूशियन विचारसरणी स्वीकारून बौद्ध मठांचा प्रभाव मर्यादित केला. या काळात शुभ्र पोर्सेलीनला संयम व निर्मळता यांचे प्रतीक मानले गेले. राजधानीजवळच्या क्वांगजू परिसरातील राजभट्ट्यांत दरबारासाठी पात्रे घडत. मोठ्या शुभ्र कुंभांवर निळ्या कोबाल्टने ड्रॅगन रंगविले जात आणि हे कुंभ राजविधींत मांडले जात. सतराव्या शतकात युद्धांनंतर कोबाल्ट दुर्मीळ झाले, तेव्हा हेच ड्रॅगन लोहयुक्त तपकिरी रंगात अवतरले.

कोरियन पुराकथांत ड्रॅगन हा जल, पर्जन्य आणि राजसत्ता यांच्याशी निगडित असा रक्षक आहे. सिल्लाचा राजा मुन्मू (मृत्यू इ. स. ६८१) मरणोत्तर समुद्रातील ड्रॅगन होऊन देशाचे रक्षण करतो, ही आख्यायिका या संदर्भात महत्त्वाची आहे. अशा प्रतिमेचे पात्र विधीत मांडायचे तर ते निर्दोष असावे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पावित्र्य आणि निर्दोषत्व यांची ही सांगड ई यांच्या कलेचा खरा विषय आहे.

अनुवादाचा अनुवाद

या मालिकेचा उगम इटलीत झाला. २००१ साली अल्बिसोला येथील मृत्तिकाकलेच्या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी ई यांनी जोसन पोर्सेलीनची स्तुती करणारी किम सांग-ओक यांची कविता इटालियनमध्ये अनुवादित करवून घेतली. आन्ना मारिया पाचेत्ती या इटालियन मृत्तिकाकाराने, मूळ पात्रे न पाहता, केवळ त्या कवितेच्या आधारे १२ पात्रे घडविली. वस्तूपासून शब्द, शब्दापासून परभाषा आणि परभाषेतून पुन्हा वस्तू, असा हा प्रवास होता. मालिकेच्या नावातील ‘अनुवादित’ या विशेषणाचा उगम येथे आहे.

कोरियात परतल्यावर ई यांनी पारंपरिक पद्धतीने काम करणाऱ्या कुंभारांकडील ठिकऱ्या गोळा करण्यास प्रारंभ केला. हे कुंभार जोसन वा गोर्यो काळातील नमुन्यांच्या प्रतिकृती घडवितात आणि जराही दोष आढळलेले पात्र स्वतःच फोडून टाकतात. येथे एक बाब विशेष लक्षात घेणे आवश्यक आहे. ई यांच्या शिल्पांतील ठिकऱ्या प्राचीन अवशेष नाहीत. त्या आधुनिक काळात परंपरेच्या केलेल्या पुनरावृत्तीचे, तेही नाकारलेले, तुकडे आहेत. भंगलेल्या वारशाबद्दलचा हळवा शोक येथे अप्रस्तुत ठरतो, कारण परंपरेची शुद्धता कोण ठरवितो, हाच या शिल्पांचा प्रश्न आहे.

किंत्सुगीची अपुरी चौकट

किंत्सुगीत लाख व सोन्याची पूड वापरून फुटलेले पात्र पुन्हा मूळ आकारात आणले जाते. तेथे सोने पात्राच्या चरित्राची नोंद करते, परंतु पात्र पात्रच राहते. ई यांच्या शिल्पांत परतण्याजोगा मूळ आकारच नाही. भिन्न पात्रांच्या ठिकऱ्या जोडल्याने फुगवटे, गाठी आणि अंकुर असलेले देह तयार होतात. त्यांत काही साठविता येत नाही. ड्रॅगनचे मस्तक एका पात्राचे, तर त्याला भिडणारा खवल्यांचा तुकडा दुसऱ्याचा, अशा जोडणीत प्रतिमा ओळखू येते, पण तिची विधीतील अखंडता उरत नाही.

या प्रश्नाला इतिहासाचेही परिमाण आहे. १५९२–९८ च्या आक्रमणांत अनेक कोरियन कुंभारांना जपानमध्ये नेण्यात आले. कोरियातील साधे वाडगे जपानी चहाविधीत अमूल्य ठरले. वसाहतकाळात यानागी मुनेयोशी यांनी कोरियन कलेचे मनःपूर्वक कौतुक केले, मात्र तिचे सार ‘दुःखाचे सौंदर्य’ असे सांगितले. त्यावर पुढे कोरियन अभ्यासकांनी आक्षेप घेतले. कोरियन मृत्पात्राचा अर्थ जपानी संज्ञेत सांगण्याची ही सवय ‘किंत्सुगी’ या सुलभ वर्णनातही नकळत चालू राहते.

एक मर्यादा

२०१७ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत मांडलेले ‘अद्भुतनगरीतील नऊ ड्रॅगन’ हे शिल्प सुमारे ५ मीटर उंच आहे. पूर्व आशियाई पुराकथांत ड्रॅगनला नऊ पुत्र असल्याची कल्पना आहे. शीर्षकातील संख्या तिचे स्मरण करून देते. तथापि या आकारमानात ठिकरीचा नाकारलेपणा विरतो आणि सोन्याची झळाळी वरचढ होते. लहान शिल्पांत तडा प्रश्न विचारतो, तर येथे तो अलंकार होण्याच्या बेतात असतो. याच्या उलट, शिन मी-क्युंग (जन्म १९६७) यांनी साबणाच्या बुद्धमूर्ती संग्रहालयांच्या प्रसाधनगृहांत हात धुण्यासाठी ठेवल्या. तेथे स्पर्शाने मूर्ती झिजते आणि ही झीजच तिला पुरातन अवशेषाचे रूप देते. त्यांच्या माध्यमात वैभवाला जागाच नाही. ई यांना मात्र त्याच्याशी सतत झगडावे लागते.

समारोप

ई सू-क्युंग यांची शिल्पे पुराकथेचे चित्रण करीत नाहीत आणि तिची विटंबनाही करीत नाहीत. निर्दोष तेच पवित्र, हे समीकरण त्या तपासून पाहतात. कुंभाराच्या हातोड्याने दिलेला निकाल शिल्पकर्तीचा सांधा रद्द करीत नाही; तो निकाल सोन्याने अधोरेखित होऊन सर्वांसमोर येतो. या शिल्पांना ‘दुरुस्ती’ म्हणणे म्हणजे त्यांचा प्रश्न मिटवून टाकणे होय. समीक्षेने हा सांधा उघडाच ठेवला पाहिजे.