प्रश्न मराठीत, वाद इंग्रजीत

मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या या मांग समाजातल्या मुलीने त्यात विचारले होते, वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्मग्रंथ कोणता? ज्या ग्रंथाकडे पाहण्याचीही मुभा नाही, त्या ग्रंथाचा धर्म आपला कसा म्हणायचा, हा धर्मचिंतनातला अगदी मुळाचा प्रश्न. आपण तो जयंतीच्या भाषणांत वाखाणतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मात्र युक्तिवाद म्हणून क्वचितच तपासतो.

जात, लिंगभाव आणि धर्म यांना एकत्र बांधणारे महाराष्ट्रातले अलीकडचे काम भक्कम आहे, हे आधी निःसंकोच म्हटले पाहिजे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सिद्ध केले. पुढे १९९८ मध्ये समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची, म्हणजे दलित स्त्रियांच्या जागेवरून जग पाहण्याची, मांडणी केली. दलित म्हटले की पुरुष आणि स्त्री म्हटली की सवर्ण, या दलित आणि स्त्री अशा दोन चळवळींच्या सवयीवर त्यांनी नेमके बोट ठेवले. ही भूमिदृष्टी केवळ जन्माने मिळत नाही, इतरांनाही स्वतःला बदलून ती कमवावी लागते, हा त्यांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. छाया दातार यांनी १९९९ मध्ये पर्यावरणवादी स्त्रीवादाच्या बाजूने त्यावर हरकत घेतली, रेगे यांनी २००० मध्ये प्रत्युत्तर दिले. वाद खणखणीत झाला. पण दोघी मराठी, विषय महाराष्ट्रातल्या बायकांचा, आणि सारा वाद ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या इंग्रजीत.

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरच्या रेगे यांच्या २००६ च्या ग्रंथातही तेच. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे यांच्यासह आठ जणींची आत्मकथने मराठी. त्यांतून उभा राहिलेला सिद्धान्त इंग्रजी. याचा दोष रेगे यांना देणे अन्यायाचे होईल. इंग्रजीत अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्या पुण्याच्या स्त्री अभ्यास केंद्रात जीव ओतून शिकवत. शिक्षणावरच्या आपल्या लेखाला त्यांनी फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’चे नाव दिले, ते नाटकही १८५५ चेच. २०१३ मध्ये त्या गेल्या, आणि अनुभव मराठीने पुरवायचा, संकल्पना इंग्रजीने, ही वाटणी आपण निमूट चालू ठेवली.

शरद पाटील यांचे उलटे झाले. धुळ्याच्या या विचारवंताने मार्क्स, फुले, आंबेडकर एकत्र आणले, पाणिनीच्या व्याकरणातून प्राचीन समाजाचा शोध घेतला आणि ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ मराठीतही मांडले. वैदिक वाङ्मयात विनाशाची देवता ठरलेली निर्ऋती त्यांना स्त्रीसत्ताक गणाची आद्य राज्ञी दिसते. अनुयायांनी हे शिरोधार्य मानले, विद्यापीठांनी बहुधा वळचणीला टाकले. मला त्यांचा प्रश्न अस्सल वाटतो, पुरावा जागोजाग ताणलेला. एका शब्दाच्या व्युत्पत्तीवर अख्ख्या समाजरचनेचा भार टाकलेला दिसतो, तिथे मी थबकतो. हे खोडायचे की सावरायचे, ते मला एकट्याला ठरवता येणार नाही. संस्कृतज्ञ, पुरातत्त्वज्ञ आणि स्त्रीवादी इतिहासकार यांनी हा ग्रंथ समोर ठेवून पानापानावर घातलेला वाद मला वाचायचा आहे, आणि तो मराठीत.