भिंतीलगतचा भोवरा

गिरगाव चौपाटीवर वाळूत रोवलेल्या बांबूपाशी, लाट परतत असताना जरा वाकून पाहावे. पाणी बांबूवर थडकते, खाली वळून वाळू उकरते आणि दोन्ही अंगांनी वळसा घालून निघून जाते. पाणी ज्या बाजूने आले तिथे खळगा पडतो आणि घोड्याच्या नालेसारखा मागे पसरतो. टर्बाइनच्या प्रत्येक पात्याच्या बुडाशी हाच नालभोवरा असतो. फक्त तिथे पाण्याच्या जागी वाफ किंवा तापलेला वायू आणि वाळूच्या जागी धातू.

अभियंते याला दुय्यम प्रवाहात मोडतात. नाव फसवे आहे, कारण किरकोळ असे त्यात काही नाही. दोन पात्यांमधल्या वाटेत प्रवाह वळतो, तेव्हा एका पात्याच्या खोलगट अंगाला दाब जास्त असतो आणि समोरच्या पात्याच्या फुगीर अंगाला कमी. मधला वेगवान वायू हा दाबाचा उतार पेलून नेतो. भिंतीलगतचा थर मात्र घर्षणाने मंदावलेला असतो. दाब तोच, पण अंगात जोर नाही. तो आडवा घसरत फुगीर अंगाकडे जातो आणि तिथे गुंडाळून मोठा भोवरा बनतो. इराण्याकडे कपातला चहा ढवळल्यावर तळाची पूड कडेला न जाता मधोमध गोळा होते, तीही याच कारणाने. आइनस्टाइन यांनी 1926 मध्ये नदीच्या वळणांचा उलगडा करताना हाच दाखला घेतला होता.

1951 मध्ये स्क्वायर आणि विंटर यांनी, त्याच वर्षी हॉथॉर्न यांनीही, चिकटपणा बाजूला ठेवून या भोवऱ्याचे गणित मांडले. 1977 मध्ये लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी पात्यांच्या मोठ्या रांगेत मोजमापे घेतली. नालभोवऱ्याचा एक पाय वाट ओलांडून मोठ्या भोवऱ्यात मिसळतो, हे त्यांचे चित्र आजही प्रमाण मानले जाते. चित्र पक्के झाले. ऊर्जेच्या तोट्याचा हिशोब मात्र अजून कच्चा आहे. डेंटन यांच्या 1993 च्या मांडणीनुसार पात्यांचा पृष्ठभाग, भिंती आणि टोकावरून होणारी गळती यांच्या वाट्याला ढोबळमानाने एकेक तृतीयांश तोटा येतो. पाती आखूड असली की वरखालचे भोवरे जवळजवळ सगळी वाट व्यापतात.

आजच्या संगणकी मोजणीबद्दल माझी तक्रार इथेच आहे. रोजच्या आरेखनात प्रक्षोभ, म्हणजे प्रवाहातली खळबळ, सरासरीच्या समीकरणांनी हाताळतात. त्यांतली साधी प्रारूपे खळबळ सगळ्या दिशांना सारखीच चिकट धरतात, आणि पिळवटलेल्या भोवऱ्यात नेमके तेच खरे नसते. भोवरा जागेवर दिसतो, तोट्याचा आकडा मात्र प्रारूप बदलले की बदलतो. प्रक्षोभाचा कण न् कण सोडवणाऱ्या अनेक नामांकित गणनांमध्ये पात्याचा मधलाच तुकडा घेतला गेला. जिथे खरी अडचण, ती भिंतच वगळली. अलीकडे भिंतीसह गणना होऊ लागल्या आहेत, त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. पण त्यांतही आत येणारा प्रवाह बहुधा फारच सोवळा असतो. खऱ्या यंत्रात आधीच्या रांगेची खळबळ, फटींतून येणारी थंड हवा आणि दहनकक्षातला प्रक्षोभ, सगळे एकदम अंगावर येते.

भिंतीला हलके उंचवटे देऊन आडवा दाब कमी करणे, किंवा पात्याच्या पुढच्या कडेशी भराव देऊन नालभोवरा दुबळा करणे, हे उपाय चांगले आहेत. पहिला तर विमानाच्या इंजिनांत वापरातही आला. तरी एका भाराला बसवलेला उंचवटा दुसऱ्या भाराला तितकाच उपयोगी पडेल, असे धरून चालता येत नाही.

हा विषय विमानांपुरताच नाही; मुंबईच्या लालबाग-परळशीही त्याचे नाते आहे, ते कापड गिरण्यांमार्फत. 1915 पासून टाटांच्या खोपोलीतल्या जलविद्युत केंद्राची वीज गिरण्यांना मिळू लागली. तिथली चाके पेल्टन जातीची: घाटमाथ्यावरून पाचशे मीटर उतरलेले पाणी नोझलमधून सेकंदाला सुमारे 100 मीटर वेगाने सुटते. पात्यांमधली बंद वाट नाही म्हणजे दुय्यम प्रवाह नाही, असे वाटेल. पण नोझलच्या आधीच्या नळाच्या वळणात जोडभोवरे तयार होतात, आकुंचनातही ते पुरते मरत नाहीत, आणि झोत गोल राहण्याऐवजी विस्कटतो. चाकाच्या वाटीला तो विस्कटलेलाच मिळतो.

हे सगळे शिकवायचे कुठे? 1887 मध्ये स्थापन झालेली आणि 1923 मध्ये भायखळ्याहून माटुंग्याला आलेली व्हीजेटीआय ही अभियांत्रिकी संस्था दादरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अशा प्रत्येक संस्थेत पडद्यावरच्या रंगीत भोवऱ्यांबरोबर पाच-सहा पात्यांची रांग आणि एक पंखा हवाच. त्यातल्या भिंतीला काजळी-तेलाचा हात द्यावा आणि हवा सोडावी. काही वेळाने पात्याच्या पुढच्या कडेसमोर काजळीची रेघ दुभंगलेली दिसते: एक फाटा जवळून फुगीर अंगाकडे, दुसरा आख्खी वाट आडवी कापून शेजारच्या पात्याला जाऊन भिडतो.