इव्हेंट लॉगची साधनचिकित्सा : सर्व्हरच्या दोषनिदानपद्धतीचे एक परीक्षण

प्रस्तुत लेखात सर्व्हरच्या हार्डवेअरमधील दोष शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन साधनांचा, म्हणजे सेन्सरची मापने व इव्हेंट लॉग यांचा, चिकित्सक विचार करावयाचा आहे. शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयात किंवा पतसंस्थेत बहुधा एखादाच सर्व्हर असतो आणि जाणकार मनुष्य पुण्याहून यावा लागतो. तो येण्यापूर्वीच दूरध्वनीवरून लॉग मागविला जातो आणि त्या कागदावरून कोणता भाग बदलायचा हे ठरते. निदान चुकले तर पैसा जातो, दोष तसाच राहतो आणि विद्यार्थ्यांच्या गुणनोंदी किंवा ठेवीदारांची खाती धोक्यात येतात. तेव्हा या कागदाचे प्रामाण्य किती, हा केवळ यंत्रज्ञांचा प्रश्न राहत नाही.

मराठीत साधनांच्या प्रामाण्याची चर्चा नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर तपासणी करून समकालीन पत्रांना अग्रस्थान दिले. वरकरणी पाहता इव्हेंट लॉग हा अस्सल पत्रासारखा वाटतो. घटना घडली त्याच क्षणी, निःपक्षपाती यंत्राने केलेली ती नोंद आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र ही समजूत अर्धीच खरी आहे.

१९९८ मध्ये इंटेल, एच.पी., एन.ई.सी. व डेल यांनी आय.पी.एम.आय. हे मानक पुढे आणले. त्यानुसार मदरबोर्डवरील एक स्वतंत्र नियंत्रक तापमान, विद्युतदाब व पंख्यांची गती सतत पाहत असतो. परंतु जे जे मोजले ते ते तो लॉगमध्ये लिहीत नाही. मापनाने ठरावीक मर्यादा ओलांडली तरच नोंद होते, आणि तीही अवघ्या १६ बाइटांची. ही मर्यादा उत्पादकाने आधीच ठरविलेली असते. म्हणजे लॉगमधील ओळ हे मापन नसून मापनावर दिलेला निवाडा आहे. मर्यादेच्या जरा अलीकडे महिनोन्‌महिने रेंगाळणारा पंखा लॉगच्या लेखी निर्दोषच असतो.

एक नेहमीचा क्रम पाहू. मे महिन्यात दुपारी वीज जाते. सर्व्हर यू.पी.एस.वर चालू राहतो, खोलीचा ए.सी. मात्र यू.पी.एस.वर नसतो. प्रथम आत येणाऱ्या हवेच्या तापमानाची नोंद उमटते, मग दोन्ही प्रोसेसरांची, आणि शेवटी प्रोसेसर अतितापाने यंत्र बंद पडल्याची. वाचणारा शेवटची ओळ ठळकपणे पाहतो आणि प्रोसेसरवरील पंखा किंवा हीटसिंक बदलण्याचा सल्ला देतो. वास्तविक सर्व तापमाने एकत्र चढली असतील तर कारण खोलीत शोधावे. एकाच प्रोसेसरचे चढले व शेजारचे स्थिर राहिले, तरच हीटसिंककडे वळावे. ही तुलना करण्यास त्या दिवसाचीच नव्हे, तर सर्वसाधारण दिवसांचीही मापने हाती लागतात. ती कोणी मुद्दाम उतरवून ठेवली नसतील तर लॉग त्यांची उणीव भरून काढू शकत नाही.

कालनिश्चितीची अडचणही इतिहासाच्या अभ्यासकास परिचित वाटेल. पेशवेकालीन पत्रांत पुष्कळदा चंद्र आणि महिना असतो, वर्ष नसते. जंत्री व मजकुरातील संदर्भ यांवरून ते ठरवावे लागते. सर्व्हरच्या घड्याळाचा सेल संपला असेल किंवा नियंत्रकास वेळ लावून दिलेली नसेल, तर नोंदींवर १९७० सालचा जानेवारी अवतरतो. अशा नोंदी फेकून देऊ नयेत. त्यांचा परस्परक्रम सहसा शाबूत असतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगमधील यंत्र बंद-चालू झाल्याच्या वेळांशी तो जुळविता येतो. हे जुळविण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याहून कठीण प्रश्न मौनाचा. वीजपुरवठा पूर्णपणे तुटला तर नियंत्रकही थांबतो. स्वतःच्या अखेरच्या क्षणाची नोंद त्याला करता येत नाही. हार्ड डिस्कच्या बाबतीत हे मौन आकड्यांत मोजले गेले आहे. गूगलच्या पिन्हेरो, वेबर व बारोसो यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांवर, तापमान वगळता, ‘स्मार्ट’ पद्धतीची एकही दोषखूण आधी उमटलेली नव्हती. नोंद आहे म्हणजे दोष आहे, हे बहुतेक वेळा मानता येईल. नोंद नाही म्हणून दोष नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘लॉग स्वच्छ आहे’ या उत्तरावर बॅकअप पुढे ढकलणाऱ्या संस्थांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

राहता राहिला दप्तर सांभाळण्याचा मुद्दा. लॉगची जागा मोजकी असते. ती भरली की अनेक यंत्रे नवी नोंद घेतच नाहीत. म्हणून दुरुस्तीस आलेला मनुष्य काम संपताच लॉग पुसून टाकतो. त्यात गैर काही नाही, मात्र पुसण्यापूर्वी त्याची प्रत काढून संस्थेकडे तारखेसह ठेवली पाहिजे आणि त्याच दिवसाची सेन्सरची मापनेही सोबत जोडली पाहिजेत. तसे न केल्यास पुढच्या बिघाडाच्या वेळी वाचणाऱ्यापुढे एकच जुनी ओळ उरते : लॉग पुसण्यात आला.