‘एकाकी’ मोहिमेचे कथन आणि अनुल्लेखित साहाय्य

१९८७ मध्ये ‘ॲडव्हेंचर नेटवर्क इंटरनॅशनल’ या खाजगी कंपनीने अंटार्क्टिकातील पॅट्रियट हिल्स येथे नैसर्गिक निळ्या बर्फावर चाकांचे विमान उतरविले. पुढे तेथे तळ उभा राहिला आणि खंडाचा अंतर्भाग खाजगी मोहिमांना खुला झाला. साहसकथनाची परिभाषा मात्र या बदलाची पुरेशी दखल घेत नाही.

कॉलिन ओ’ब्रेडी यांचे ‘द इम्पॉसिबल फर्स्ट’ (२०२०) हे पुस्तक या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. २०१८ मध्ये स्वतःचा शिधा ओढत ५४ दिवसांत सुमारे १,५०० कि.मी. अंतर तोडण्याचे त्यांचे कष्ट निर्विवाद आहेत. प्रश्न ‘साहाय्याविना’ या विशेषणाचा आहे. वाटेत शिधा घेणे किंवा पतंगाने ओढले जाणे हे साहाय्य ठरते. विमानाने आरंभस्थानी पोहोचणे व शेवटी परतणे मात्र ठरत नाही. ध्रुवानंतरचा त्यांचा मार्गही ट्रॅक्टरांनी सपाट केलेल्या रस्त्यावरून गेला.

जानेवारी २०१६ मध्ये हेन्री वर्स्ली यांनी ७१ व्या दिवशी मदत मागितली, तेव्हा विमान आले. तरीही चिलीतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या प्रसंगी ही यंत्रणा जगाला दिसली. यशाच्या कथनातही ती तितकीच स्पष्ट दिसावी, ही अपेक्षा साहसाचे मोल कमी करीत नाही. ते अधिक प्रामाणिक करते.