कुंपणापलीकडचे गणित

मीर प्रकाशनाची गणिताची छोटी पुस्तके एके काळी आपल्याकडे अगदी अल्प किमतीत मिळत. अनेक शिक्षकांच्या कपाटात ती अजूनही असतील. त्यांच्या लेखकांपैकी कितीतरी जण मॉस्को राज्य विद्यापीठाशी निगडित होते. त्यामुळे आमच्यासारख्यांच्या मनात या विद्यापीठाबद्दल पहिल्यापासून आदर आहे. एडवर्ड फ्रेंकेल यांचे ‘लव्ह अँड मॅथ’ (२०१३) हे इंग्रजी पुस्तक वाचताना या आदराला मोठा धक्का बसला. तरीही पुस्तक मिटताना तो आदर पूर्णपणे नाहीसा झाला नव्हता. असे का झाले, ते येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

फ्रेंकेल आज अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आहेत. त्यांचे बालपण मॉस्कोपासून शंभरेक किलोमीटरवरील कोलोम्ना या गावात गेले. शाळेत असताना एका परिचित गणितज्ञाने त्यांना गणिताची गोडी लावली. १९८४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी मॉस्को विद्यापीठाच्या यामिकी व गणित विद्याशाखेची प्रवेशपरीक्षा दिली. रशियात या शाखेला ‘मेखमत’ म्हणतात. फ्रेंकेल यांचे वडील ज्यू होते. त्या काळात मेखमतमध्ये ज्यू मुलांना प्रवेश मिळू नये अशी व्यवस्थाच करण्यात आली होती. तसा लेखी नियम कोठेही नव्हता. आडनाव आणि आईवडिलांची नावे यांवरून मुले हेरली जात, आणि पुढचे काम तोंडी परीक्षेत होई.

त्या तोंडी परीक्षेचे वर्णन हा पुस्तकाचा गाभा आहे. प्रत्येक शिक्षकाने ते वाचायलाच हवे. इतर मुलांची परीक्षा सरळपणे चालू असताना या मुलाकडे कोणी फिरकत नाही. मग दोन परीक्षक खास त्याच्यासाठी येतात आणि कित्येक तास उलटतपासणी चालते. वर्तुळाची व्याख्या विचारली जाते. एका बिंदूपासून समान अंतरावर असणाऱ्या प्रतलातील बिंदूंचा संच, असे मुलगा सांगतो. परीक्षक म्हणतात, चूक. ‘सर्व’ बिंदूंचा संच. पुढे याच पद्धतीने प्रत्येक उत्तर अडवले जाते. परीक्षा संपल्यावर त्यांच्यातलाच एक परीक्षक मुलाच्या तयारीचे कौतुक करतो आणि तेल व वायू संस्थेत अर्ज करण्याचा सल्ला देतो!

येथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे. परीक्षकांची दुरुस्ती गणिताच्या दृष्टीने चूक नाही. ‘सर्व’ हा शब्द गाळला तर अर्धवर्तुळाचा कंसही त्या व्याख्येत बसतो. आपणही वर्गात या शब्दाचा आग्रह धरतो. पण आपल्या वर्गात एखाद्या मुलीने तो गाळला, तर आपण फळ्यावर कंस काढून विचारतो, “मग हेही वर्तुळ का?” मुलगी हसते आणि तो शब्द पुन्हा कधी विसरत नाही. शब्द तोच, दुरुस्तीही तीच. एके ठिकाणी तिच्यामुळे मुलगी पुढे जाते, दुसऱ्या ठिकाणी मुलाला बाहेर काढले जाते. हत्यार किती निरुपद्रवी दिसू शकते, हे या प्रसंगातून जितके कळते तितके कोणत्याही आकडेवारीतून कळणार नाही.

अशा परीक्षांसाठी खास प्रश्नही निवडलेले असत. त्यांना मुले ‘शवपेट्या’ म्हणत. पुढे अनेकांनी त्यांचे संग्रह केले. त्यातील एक प्रश्न आपल्या उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना समजेल असा आहे. २ या पायाला ३ चा लॉगॅरिथम मोठा, की ३ या पायाला ५ चा? अर्थात कोष्टक न वापरता. उत्तर दोन ओळींचे आहे. दोन्ही संख्यांची दीडशी तुलना करायची. २ चा घन ८ हा ३ च्या वर्गापेक्षा, म्हणजे ९ पेक्षा, लहान आहे. म्हणून पहिली संख्या दीडपेक्षा मोठी. ५ चा वर्ग २५ हा ३ च्या घनापेक्षा, म्हणजे २७ पेक्षा, लहान आहे. म्हणून दुसरी दीडपेक्षा लहान. वाचल्यावर सारे सोपे वाटते. पण ‘दीड’ हा मधला टप्पा परीक्षेच्या दडपणाखाली सुचणे कठीण. उत्तर आखूड असल्यामुळे पालकांनी दाद मागितली, तरी ‘प्रश्न तर सोपाच होता’ असे म्हणायला परीक्षक मोकळे! घरी निवांत सोडवायला दिला असता, तर हाच प्रश्न किती आनंद देणारा ठरला असता.

पुस्तक विद्यापीठाच्या इतिहासात फारसे शिरत नाही. ही उणीव आम्हाला जाणवली, कारण तो इतिहास ठाऊक असला म्हणजे या प्रसंगाचा अर्थ अधिक खोल होतो. विद्यापीठाची स्थापना १७५५ मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथच्या आज्ञेने झाली. शुवालोव या सरदाराबरोबर त्याची योजना आखणारा लोमोनोसोव हा उत्तरेकडील एका मच्छीमार शेतकऱ्याचा मुलगा. मॉस्कोतील अकादमीत शिकता यावे म्हणून त्याने स्वतःचे कुळ लपवले आणि आपण उमरावाचा मुलगा असल्याचे सांगितले. त्याच्या योजनेतून उभे राहिलेले विद्यापीठ केवळ उमरावांसाठी नव्हते. मात्र धन्याने मुक्त केल्याशिवाय भूदासाला तेथे शिकता येत नसे. १९४० मध्ये विद्यापीठाला लोमोनोसोवचेच नाव देण्यात आले. जन्म लपवून शिकलेल्या माणसाच्या नावाचे विद्यापीठ पुढे मुलांचा जन्म तपासू लागले!

या विद्यापीठाने स्वाभिमानाचे दिवसही पाहिले आहेत. १९११ मध्ये पोलिसांचा आवारातील वावर आणि सरकारी हस्तक्षेप यांच्या निषेधार्थ शंभराहून अधिक अध्यापक बाहेर पडले. प्रकाशाचा दाब मोजून दाखवणारे लेबेदेव त्यांत होते. विसाव्या शतकात गणिताची दारे शाळकरी मुलांसाठी उघडणारेही याच विद्यापीठातले. १९३५ पासून मॉस्कोत गणित ऑलिंपियाड होऊ लागले. राजधानीबाहेरच्या मुलांना शिकता यावे म्हणून कोल्मोगोरोव यांनी १९६३ मध्ये निवासी शाळा सुरू केली. पाठोपाठ १९६४ मध्ये गेलफांड यांनी पत्रद्वारा शाळा काढली. गेलफांड यांचे माध्यमिक शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते. पदवी नसतानाही १९३२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ते कोल्मोगोरोव यांच्या हाताखाली संशोधक विद्यार्थी झाले. ते स्वतः ज्यू होते. फ्रेंकेल १९८४ ऐवजी १९३२ मध्ये आले असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मग बिघडले कोठे? १९६८ मध्ये तर्कशास्त्रज्ञ एसेनिन-वोल्पिन यांना बळजबरीने मनोरुग्णालयात डांबले गेले, तेव्हा ९९ गणितज्ञांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्यानंतर मेखमतच्या कारभाराची सूत्रे बदलली आणि वातावरण कोंदटले, असे अनेक जाणकार मानतात. १९११ मध्ये अध्यापकांनी विद्यापीठ सोडून निषेध केला होता. १९७०-८० च्या दशकांत जे राहिले त्यांच्यापैकी काहींनी दुसरा मार्ग धरला. १९७८ मध्ये बेला सुब्बोतोव्स्काया यांनी नाकारलेल्या मुलांसाठी स्वतःच्या घरी वर्ग सुरू केले. मेखमतचेच काही गणितज्ञ तेथे विनामोबदला शिकवीत. १९८२ मध्ये वाहनाच्या धडकेत बेला मरण पावल्या. तेथे शिकवणाऱ्यांपैकीच दमित्री फूक्स यांनी पुढे फ्रेंकेल यांना संशोधनाचा पहिला प्रश्न दिला. दाखला तेल व वायू संस्थेचा, पण हा मुलगा विद्यापीठाचे उंच कुंपण चढून आत शिरे, व्याख्याने ऐके, आणि गेलफांड यांच्या सोमवार संध्याकाळच्या प्रसिद्ध चर्चासत्रात बसे. १९८९ मध्ये हार्वर्डचे निमंत्रण आले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र आम्हाला तितका समाधान देऊ शकला नाही. लँग्लंड्स यांच्या विचारसूत्राची ओळख सामान्य वाचकाला करून देण्याचा लेखकाचा हेतू स्तुत्य आहे. सममितीचे प्रकरण तर शाळेत सांगण्याजोगे आहे. पण पुढे नव्या संज्ञा इतक्या वेगाने येतात की वाचक धापा टाकू लागतो. शेवटी स्वतःच्या चित्रपटाविषयी लेखकाने लिहिलेला भाग आम्हाला अनाठायी वाटला. त्याहून मोठी उणीव अशी की परीक्षकांच्या मनात डोकावण्याचा फारसा प्रयत्न येथे नाही. तेही गणिताचेच उपासक होते. घरी जाताना ते स्वतःला काय सांगत असतील? ‘मी व्याख्याच तर विचारली’, असेच ना?

हा प्रश्न आम्हाला शिक्षक म्हणून महत्त्वाचा वाटतो. तोंडी परीक्षेत आपणही बसतो. एखाद्या मुलाला आपण पहिल्या उत्तरावर सोडतो आणि दुसऱ्याला पाचव्या प्रश्नापर्यंत नेतो. यात दर वेळी त्याची तयारीच पाहिली जाते, की कधी त्याचे आडनाव, त्याची भाषा, त्याचे कपडेही? उत्तर प्रत्येकाने स्वतःशीच द्यायचे आहे.

पुस्तकाचा पूर्वार्ध शिक्षकांनी आणि मोठ्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. उत्तरार्ध जमेल तितका. लॉगॅरिथमचा प्रश्न मात्र वर्गात जरूर द्यावा. घाई करू नये, घरी नेऊ द्यावा, आणि ‘दीड’ ज्याला सुचेल त्याला फळ्यापाशी बोलवावे.